कोल्हापूरचे गानमहर्षी उस्ताद अल्लादिया खाँ



काही वर्षांपूर्वी आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात नोकिया कंपनीचा मोबाइल असे आणि त्याची ती परिचित धून भर मिस्सेतसुद्धा वाजून सर्वांना खजील करीत असे. ती धून एका स्पॅनिश गिटारवादकाची आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. फ्रान्सिस्को तार्रेगा हे त्यांचे नाव. जन्म १८५२, मृत्यू १९०९. ‘ग्रान व्हाल्स’ नावाच्या त्यांच्या रचनेतील चारदोन मात्रा कंपनीने उचलल्या आणि जगभर पोहोचवल्या. त्या काळी गिटार हे गुत्त्यातले, रस्त्यावरचे हलके वाद्य मानले जाई. तार्रेगांनी आयुष्यभर कष्ट करून त्याला सभागृहात मानाचे स्थान मिळवून दिले. पुढे १९०६ मध्ये त्यांची उजवी बाजू अर्धांगवायूने लुळी पडली, तरीही त्यांनी जमेल तसे वाद्य पुन्हा हाती घेतले. आज आपल्या गायकवृंदातील मुले गिटार घेऊन वेदीजवळ उभी राहतात, त्यामागे अशा अनेक अनामिक आणि नामवंत माणसांची तपश्चर्या आहे.

तार्रेगांची आठवण निघाली ती एका कारणाने. त्यांच्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी आपल्या देशात एक बालक जन्माला आले. त्यानेही आपल्या कलेसाठी आयुष्य वेचले, त्याच्याही वाट्याला शरीराने दगा देण्याचा प्रसंग आला आणि त्यानेही हार मानली नाही. विशेष म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यातील उमेदीची पंचवीसेक वर्षे आपल्या या कोल्हापूर नगरीत गेली. आपण त्याच रस्त्यांनी रोज जातो-येतो, पण त्यांचे चरित्र आपल्या मुलांना माहीत नसते. म्हणून या रविवारी उस्ताद अल्लादिया खाँ यांची ओळख करून घेऊ या.

घराणे आणि बालपण

अल्लादिया खाँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातील उनियारा या गावी झाला. उनियारा हे तेव्हाच्या जयपूर राज्यातील एक लहानसे ठिकाण. आज ते टोंक जिल्ह्यात येते. त्यांचे मूळ घराणे अलीगढजवळच्या अत्रौलीचे. म्हणूनच त्यांच्या गायकीला पुढे जयपूर किंवा जयपूर-अत्रौली घराणे असे नाव पडले. अल्लादिया म्हणजे अल्लाने दिलेला. ईश्वराचे दान म्हणून जन्मलेल्या मुलाला आपणही देवदत्त म्हणतो, तसेच हे नाव.

या घराण्यात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांचे पूर्वज शांडिल्य गोत्राचे गौड ब्राह्मण होते. त्यांचा आश्रयदाता राजा दिल्लीच्या बादशहाच्या कैदेत पडला. घराण्यातील गायक पूर्वजाने दिल्लीला जाऊन गायनाने बादशहाला प्रसन्न केले आणि राजाची सुटका मागितली. ती मिळाली, पण त्याच्या बदल्यात गायकाला धर्म बदलावा लागला. कथेतील इतिहास किती आणि आख्यायिका किती, हे अभ्यासकांनी ठरवावे. आपण एवढेच लक्षात घेऊ की, आपल्या घराण्याचा मोठेपणा सांगताना या मंडळींनी मिळालेल्या बक्षिसांचा हिशोब मांडला नाही. दुसऱ्याच्या सुटकेसाठी एकाने चुकवलेली किंमत त्यांनी आठवणीत ठेवली. स्वतः खाँसाहेब पाच वेळा नमाज पढणारे श्रद्धावान मुस्लिम होते आणि आपल्या पूर्वजांची ही परंपराही ते आदराने सांगत.

वडील अहमद खाँ हे दरबारी गवई होते. परंतु मुलगा किशोरवयात असतानाच त्यांचे छत्र हरपले. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर विद्याही थांबण्याची वेळ होती. अशा वेळी काका जहांगीर खाँ पुढे आले आणि त्यांनी पुतण्याला आपल्या हाताखाली घेतले. आधी काही वर्षे धृपदाची तालीम आणि त्यानंतर ख्यालाची, असा तो क्रम होता. धृपद ही जुनी, भारदस्त, शिस्तीची गायकी. ख्यालात कल्पनेला अधिक वाव. आधी शिस्त आणि मग स्वातंत्र्य, असा काकांचा विचार असावा. एकेक पलटा शेकडो वेळा घोटायचा, चीज अंगात मुरेपर्यंत पुढे जायचे नाही, अशा रीतीने वर्षांमागून वर्षे गेली. आज दोन महिन्यांत की-बोर्ड येईल का, असे विचारणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आवाज गेला

तालीम पूर्ण झाल्यावर तरुण अल्लादिया खाँ निरनिराळ्या संस्थानांत फिरू लागले. त्या काळी गवयाला रेडिओ नव्हता, तिकीट लावून होणाऱ्या मैफली नव्हत्या. राजेरजवाड्यांचा आश्रय हाच पोटाचा आधार. माळव्याकडील आमलेटा या संस्थानात ते असताना तेथील अधिपतीला गाण्याचे विलक्षण वेड होते. त्याच्या आग्रहाखातर दिवसचे दिवस गावे लागले. मालकाचा शब्द मोडता येत नव्हता. शेवटी व्हायचे ते झाले. गळ्यावर अतिरेकी ताण पडून खाँसाहेबांचा आवाज बसला, तो काही दिवसांसाठी नव्हे. पुढचा दीर्घ काळ त्यांना गाताच येईना.

गवयाचा आवाज जाणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. शेतकऱ्याची जमीन वाहून जावी, सुताराचे हात जावेत, तसे ते आहे. बालपणापासून ज्या एका गोष्टीसाठी सगळे आयुष्य ओतले, तीच हातातून निसटली. हळूहळू आवाज परत आला, पण तो पहिला आवाज नव्हता. पूर्वीची गोलाई, पूर्वीचा सहजपणा त्यात राहिला नव्हता.

येथे माणसासमोर दोन वाटा असतात. गेलेल्या गोष्टीचे दुःख उगाळत बसायचे किंवा जे उरले आहे त्याच्याकडे नीट पाहायचे. खाँसाहेबांनी दुसरी वाट धरली. या नव्या, काहीशा खडबडीत गळ्याला काय शोभेल, याचा त्यांनी विचार केला. केवळ मधुर आवाजावर श्रोत्यांना जिंकणे आता शक्य नव्हते. मग बुद्धी, लय आणि रचना यांवर त्यांनी भर दिला. जयपूर घराण्याची जी गुंतागुंतीची, वळणावळणाची, लयीशी घट्ट बांधलेली गायकी आज साऱ्या देशात मानाने ऐकली जाते, तिची घडण या मोडलेल्या आवाजातून झाली, असे जाणकार मानतात.

तत्त्वज्ञान शिकताना आम्ही एक गोष्ट वाचली होती की, मर्यादा ही नेहमीच उणीव नसते. मर्यादेमुळेच वस्तूला आकार येतो. नदीला काठ असतात म्हणून ती नदी, नाही तर ते नुसते पसरलेले पाणी. वर्गात हे वाक्य कोरडे वाटते. खाँसाहेबांच्या आयुष्यात मात्र ते जिवंत होऊन समोर येते. यात एक सावधगिरीही हवी. दुःख आले की आपोआप माणूस घडतो, असे मुळीच नाही. दुःखाने कडवट झालेली, मोडून पडलेली माणसे आपण आपल्याच धर्मग्रामात पाहतो. खाँसाहेबांना आवाज जाण्याने मोठे केले नाही. आवाज गेल्यानंतरही त्यांनी तंबोरा खाली ठेवला नाही, याने मोठे केले.

करवीर नगरीत

१८९५ च्या सुमारास खाँसाहेब कोल्हापूरला आले. राजर्षी शाहू महाराजांना राज्याधिकार मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. महाराजांनी त्यांना दरबार-गवई म्हणून ठेवून घेतले आणि पुढे महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, ते येथेच राहिले. बरोबर भाऊ हैदर खाँ होते आणि नासिरुद्दीन, बद्रुद्दीन व शमसुद्दीन असे तीन मुलगे. घरात त्यांना अनुक्रमे बडेजी, मंजी आणि भुर्जी म्हणत. पुढे संगीताच्या जगातही मंजी खाँ आणि भुर्जी खाँ हीच नावे रूढ झाली.

ते कोल्हापूर आजच्यापेक्षा फार लहान होते, पण मनाने मोठे होते. १९०२ मध्ये महाराजांनी मागासलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. कुस्तीसाठी खासबाग मैदान झाले, नाटकांसाठी पॅलेस थिएटर उभे राहिले, ज्याला आपण केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखतो आणि जे ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाल्याने आपण सगळेच हळहळलो. १८८३ पासून गायन समाज देवल क्लबात गाण्याच्या बैठकी होत. तालीम हा शब्द येथे आखाड्यालाही लागतो आणि गाण्यालाही, हे कोल्हापूरचे वैशिष्ट्य खाँसाहेबांना खचितच मानवले असेल. दोन्हीकडे गुरू लागतो, दोन्हीकडे घाम गाळावा लागतो आणि दोन्हीकडे बढाईला किंमत नसते.

एक मुस्लिम गवई मराठा राजाच्या दरबारात मानाने नांदतो, ब्राह्मण, मराठा, लिंगायत शिष्य त्याच्या पायाशी बसतात आणि पुढे त्याचा मुलगा भुर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करतो, ही आपल्या गावाची कहाणी आहे. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतील सत्य आणि पवित्र गोष्टींकडे आदराने पाहण्याची शिकवण आपल्याला दिली. कोल्हापूरच्या गाण्याच्या बैठकीत ती त्याआधीच आचरणात होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्यांचे गाणे कसे होते?

ज्यांना शास्त्रीय संगीताची सवय नाही, त्यांच्यासाठी थोडे सोपे करून सांगतो. राग म्हणजे स्वरांची ठरावीक चाल. प्रत्येक रागाचा स्वभाव वेगळा. बहुतेक गायक यमन, भूप, मालकंस असे ओळखीचे राग गातात. खाँसाहेबांनी यांच्या जोडीला अत्यंत दुर्मीळ राग जतन केले, काहींना नव्याने रूप दिले आणि दोन राग एकत्र गुंफून जोडराग गायले. खट, खोकर, नट-कामोद, बसंती केदार, संपूर्ण मालकंस, सावनी ही नावे आज आपल्या कानांवर पडतात, ती मुख्यत्वे या घराण्यामुळे. जोडराग गाणे म्हणजे दोन पाककृती एकाच भांड्यात ओतणे नव्हे. दोन्हींची चव कळली पाहिजे आणि सांधा कुठे आहे हे मात्र दिसता कामा नये.

दुसरे वैशिष्ट्य आकाराचे. शब्दांचा पसारा न करता मोकळ्या आ-काराने स्वर लावायचा, एका स्वरातून दुसऱ्यात जाताना कुठेही तुटू द्यायचे नाही. तिसरे वैशिष्ट्य लयीचे. तबल्याची प्रत्येक मात्रा गाण्याला टेकण देत असते आणि गायक समेवर येतो तो ओढूनताणून नाही. वाटेनेच घरी पोहोचावे तसा येतो. त्यांची तान सरळ धावणारी नसे. ती वळणे घेत, ऐकणाऱ्याला चकवत जाई. असे गाणे पहिल्यांदा ऐकले तर अवघड वाटते. चार वेळा ऐकले की त्यातील बांधणी दिसू लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातील सांगवडे येथे जन्मलेले गोविंदराव टेंबे हे मोठे संवादिनीवादक आणि संगीतकार. ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या. ते खाँसाहेबांच्या गायकीचे निस्सीम भक्त होते आणि त्यांनी खाँसाहेबांचे मराठीत चरित्र लिहिले. भास्करबुवा बखले यांनीही इतर गुरूंबरोबर खाँसाहेबांकडून विद्या घेतली. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे भास्करबुवांचे शिष्य. म्हणजे आपले आजी-आजोबा जी नाट्यपदे गुणगुणत, त्यांतही या गंगेचे पाणी मिसळलेले आहे.

दोन शिष्या

खाँसाहेबांच्या शिष्यांत दोन स्त्रियांची नावे ठळक आहेत. दोघीही गोव्याच्या. त्या काळी गाणाऱ्या कलावंत समाजातील स्त्रियांकडे समाज तिरक्या नजरेने पाही. त्यांचे गाणे हवे असे, त्यांना घरात मान द्यायला मात्र कोणी तयार नसे.

मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ चा, कुर्डी गावचा. हे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष वर येतात. मोगूबाई दहा वर्षांच्या असतानाच आई गेली. लेकीने मोठी गायिका व्हावे, ही आईची एकच इच्छा होती. नाटक कंपन्यांत पोट भरत, आजारी पडून मोगूबाई उपचारासाठी सांगलीला आल्या. १९१९ च्या सुमारास खाँसाहेबही औषधोपचारासाठी सांगलीत होते. रस्त्याने जाताना एका घरातून रियाजाचा आवाज त्यांच्या कानी आला आणि ते थबकले. पुढे ते त्या घरी गेले आणि त्या अनाथ मुलीला त्यांनी शिकवायला सुरुवात केली. आपल्यासमोर कोण बसले आहे, हे मोगूबाईंना आरंभी ठाऊकही नव्हते. मोठ्या लोकांची भेटीगाठीला रीघ लागू लागली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ चा, केरी गावचा. लहानपणी काही महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या होत्या. १९२१ पासून खाँसाहेबांच्या अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, त्यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. दिवसाचे कित्येक तास त्या रियाज करीत. आपण घेतलेली विद्या दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये, असा त्यांचा कटाक्ष होता.

या कटाक्षाची झळ मोगूबाईंना बसली. खाँसाहेब मुंबईला गेल्यावर मोगूबाईही मागोमाग गेल्या, पण तालीम सुरू राहीना. त्यांनी दुसऱ्या घराण्याच्या गुरूंकडे शिकायला सुरुवात केली, तर ते खाँसाहेबांना रुचले नाही. शेवटी त्यांनी आपले बंधू हैदर खाँ यांच्याकडे तिची व्यवस्था लावली. काही वर्षांनी तीही तालीम खंडित झाली. अखेर १९३४ मध्ये खाँसाहेबांनी मोगूबाईंना रीतसर गंडा बांधला. सांगलीच्या त्या पहिल्या दिवसापासून मोजले तर सुमारे पंधरा वर्षे तिने वाट पाहिली.

येथे चरित्रकाराला खाँसाहेबांची केवळ स्तुती करता येत नाही. विद्या मोलाची आहे, ती कष्टाने मिळवली आहे, म्हणून ती जपून ठेवावी ही भावना त्यांच्यातही होती. त्या काळच्या सगळ्याच घराण्यांत ती होती. विद्या हीच जमीन, हीच मुलाबाळांची भाकरी. ती कोणालाही वाटली तर आपल्या घरात काय उरणार? हा प्रश्न भुकेचा होता, त्याला नुसता स्वार्थ म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही सांगलीच्या रस्त्यावर एका अनोळखी मुलीच्या स्वरापाशी थांबलेले खाँसाहेब आणि तिची वाट अडत असताना बराच काळ गप्प राहिलेले खाँसाहेब, हे दोघेही एकच आहेत. आपल्या सर्वांच्या आतही असे दोघे राहतात.

अखेरची वर्षे

१९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली. तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या आसपास होते. इतर लोक निवृत्त होतात त्या वयात त्यांनी नव्या शहरात नव्याने आरंभ केला. मुंबईत मान मिळाला, संगीतसम्राट ही पदवी मिळाली, शिष्य मिळाले. पण १९३७ मध्ये मोठा आघात झाला. मधला मुलगा मंजी खाँ ऐन भरात असताना वारला. बापाची गायकी आत्मसात करून तिला स्वतःचे भावपूर्ण वळण देणारा हा मुलगा होता. ब्याऐंशी वर्षांच्या पित्याला त्याला निरोप द्यावा लागला. थोरला मुलगा प्रकृतीमुळे गायनाचा व्यवसाय करू शकला नव्हता. राहिला धाकटा भुर्जी, जो कोल्हापुरातच स्थिरावला.

अखेरच्या काळात खाँसाहेबांनी आपली जीवनकथा नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितली आणि त्यांनी ती लिहून घेतली. २००० मध्ये ती इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, खाँसाहेबांनी देह ठेवला.

ध्वनिमुद्रिका नाही, तरी गाणे आहे

आता एक चमत्कारिक गोष्ट. खाँसाहेबांच्या हयातीतच ग्रामोफोन आला होता, त्यांचे समकालीन गवई तबकड्या काढीत होते. खाँसाहेबांनी मात्र आपल्या गाण्याची एकही तबकडी काढू दिली नाही. त्यामुळे ज्या आवाजाने एक घराणे उभे केले, तो आवाज आज जगात कुठेही ऐकायला मिळत नाही. दोनदा गेलेला आवाज म्हणावा लागेल : एकदा आमलेट्याला आणि एकदा कायमचा.

मग त्यांचे काय उरले? माणसे उरली. मंजी खाँनी मल्लिकार्जुन मन्सूर या धारवाडकडच्या तरुणाला शिकवायला घेतले होते. मंजी खाँ गेल्यावर भुर्जी खाँनी त्याची तालीम पुढे चालवली. हेच मन्सूर पुढे या घराण्याचे थोर गायक झाले आणि १९९२ मध्ये पद्मविभूषण होऊन त्याच वर्षी निवर्तले. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी भुर्जी खाँकडे शिकल्या. पुढे केसरबाईंनी त्यांना शिकवले. ज्या केसरबाई कोणाला विद्या देत नसत, त्यांच्या त्या एकमेव शिष्या. निवृत्तीबुवा सरनाईक हेही आपल्या कोल्हापूरचेच. मोगूबाईंनी आपली लेक किशोरी आमोणकर हिला घडवले आणि इतरही अनेकांना मुक्तहस्ताने शिकवले. जिची वाट इतकी वर्षे अडली, तिने दुसऱ्यांची वाट अडवली नाही. मला विचाराल तर या सबंध चरित्रातील सर्वांत मोठा चमत्कार हाच आहे.

आणि केसरबाईंचे काय झाले? १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांत पृथ्वीवरील निवडक संगीताची एक सोनेरी तबकडी ठेवली आहे. त्या तबकडीवर बाख आणि बीथोव्हेन यांच्यासोबत भारताकडून केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दुसरे यान निघाले त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई वारल्या. पहिले व्हॉयेजर यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले आणि आज ते पृथ्वीपासून २४०० कोटी किलोमीटरहून अधिक दूर आहे. ज्या विद्येला कुलूप लावायचा एवढा प्रयत्न झाला, ती आज ताऱ्यांच्या वाटेवर आहे. ज्या गुरूने तबकडी काढू दिली नाही, त्यांची तालीम शिष्येच्या गळ्यातून मानवाने बनवलेल्या सर्वांत दूरच्या वस्तूत जाऊन बसली आहे. परमेश्वराच्या विनोदबुद्धीला तोड नाही!

आपल्यासाठी

गाब्रिएल मार्सेल नावाचे एक फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ होऊन गेले. निष्ठा ही सर्जनशील असावी लागते, असा त्यांचा विचार आहे. जे मिळाले ते जसेच्या तसे पेटीत बंद करून ठेवणे ही खरी निष्ठा नाही, कारण जिवंत वस्तू पेटीत मरते. मिळालेले स्वतः जगायचे, त्यात आपला श्वास ओतायचा आणि मग पुढच्याच्या हाती द्यायचे. जयपूर घराण्याने नेमके हेच केले. मंजी खाँ बापासारखे गायले नाहीत, किशोरीताई आईसारख्या गायल्या नाहीत आणि तरीही सगळ्यांच्या गाण्यात एकच झरा वाहतो.

आपली श्रद्धा अशीच आलेली आहे. प्रभू येशूने स्वतःच्या हाताने एकही पुस्तक लिहून ठेवले नाही. त्याने बारा माणसे घडवली, त्यांच्याबरोबर चालला, जेवला, त्यांच्या चुका सहन केल्या. त्या बारा जणांकडून पुढच्यांकडे आणि शेवटी आपल्या आजीच्या मांडीवर बसून शिकलेल्या प्रणाम मरियेपर्यंत हे दान पोहोचले. शुभवर्तमानातील तो सेवकही आपल्याला आठवत असेल, ज्याने धन्याचे धन जमिनीत पुरून सुरक्षित ठेवले. त्याने चोरी केली नव्हती, उधळपट्टीही केली नव्हती. तो फक्त घाबरला होता.

म्हणून काही साधे प्रश्न आपण स्वतःला विचारू या. गायकवृंदात वर्षानुवर्षे गाणाऱ्यांनी आपल्या शेजारी एखाद्या नवख्या मुलीला उभे केले आहे का, की आपली जागा जाईल ही धास्ती वाटते? ज्यांना जुनी मराठी भक्तिगीते तोंडपाठ आहेत, त्यांनी ती कोणाला शिकवली आहेत का? संधिवाताने, पक्षाघाताने किंवा वयाने ज्यांचे पूर्वीचे काम थांबले आहे, त्यांनी जे उरले आहे त्याकडे अजून पाहिले नसेल, तर ते पाहण्यास आपण त्यांना सोबत देतो का? आणि रस्त्याने जाताना एखाद्या घरातून येणारा अनोळखी स्वर ऐकून थांबण्याइतकी सवड आपल्यापाशी आहे का?

पुढच्या वेळी देवल क्लबावरून जाल, तेव्हा क्षणभर खाँसाहेबांचे स्मरण करा. शक्य असेल तर घरी मन्सूर, मोगूबाई किंवा किशोरीताईंचे ध्वनिमुद्रण लावा आणि मुलांना जवळ बसवा. पहिल्यांदा कंटाळा येईल. चौथ्या वेळी येणार नाही.

प्रभू आपणा सर्वांना मिळालेली दाने ओळखण्याची आणि ती वाटून देण्याची कृपा देवो.

आपला,
धर्मगुरू